वखारीतल्या दोन फळ्या

लाकडं माणसांशीही बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका वखारीत आंब्याची आणि शिरसाची अशा दोन फळ्या एकमेकींना टेकून उभ्या असत. एकदा आंब्याच्या फळीतून बारीक पिठी गळू लागली.

"अगं, तुला कीड लागलीय!" शिरसाची फळी हादरली. "मालकांना सांगूया. ते औषध लावतील."

"नको गं! सरळ चुलीत घालतील मला. माझी शपथ आहे तुला."

शिरसाची फळी गप्प राहिली. मालक दाऊदभाई जवळ आले, की ती मैत्रिणीला आणखी बिलगून पिठी झाकायची.

काही महिन्यांनी शर्वाणीताई वखारीत आल्या. बसून काम करून त्यांची कंबर धरली होती. घरी उभ्यानं काम करता येईल असं टेबल त्यांना करायचं होतं. शिरसाच्या फळीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "हीच द्या. रंग किती सुरेख आहे!"

फळीला आकाश ठेंगणं झालं.

दाऊदभाईंनी कडेवर रंधा मारला आणि त्यांचा हात जागीच थांबला. आत नुसती भोकंच भोकं होती. पिठी भुरुभुरु सांडली.

"या अल्ला! ही तर आतून पोखरलीय. ताई, ही नका घेऊ."

शिरसाची फळी सुन्न झाली. "माझ्यात कीड? कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. तुझ्या पाठीतून पिठी गळताना मी बघत होते," आंब्याची फळी हळूच म्हणाली. "पण तू माझ्यासाठी गप्प राहिलीस ना, म्हणून मीही तुझ्यासाठी गप्प राहिले."