दोष वायरीचा नव्हता

यंत्रमागांच्या एका गावात भूपाल मगदूम नावाचा एक दुकानदार होता. मोबाइल, चार्जर, रेडिओ, हेडफोन असं सगळं त्याच्याकडे मिळे आणि बिघडलेलं दुरुस्तही होई. हात चलाख होता, बोलणं गोड होतं. गिऱ्हाइकाने पुरतं तोंड उघडण्याआधीच भूपाल वस्तू काढून समोर ठेवी. दुकानात कायम गर्दी असे.

त्याच गावात वैजयंती हावळ राहत असे. सगळे तिला वैजू म्हणत. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावर काय लिहिलंय ते तिचा फोन तिला बोलून दाखवी आणि ते ऐकत ती झरझर टाइप करी. पण घरात दिवसभर माग खडखडत. त्या आवाजात फोनचं बोलणं ऐकू येई ते तिच्या जुन्या हेडफोनमुळे. हेडफोन मोठा होता, जाड मऊ गाद्यांचा, कान पुरते झाकणारा. तो डोक्यावर चढवला की माग कुणीतरी उचलून लांब नेऊन ठेवले असं तिला वाटे.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याला रुग्णांचे फोन घेण्यासाठी माणूस हवं होतं. वैजूने अर्ज केला आणि तिला परीक्षेला बोलावणं आलं. परीक्षा घरी बसूनच, फोनवर द्यायची होती. रुग्णांचे आवाज ऐकवले जाणार आणि प्रत्येकाचं नाव, गाव, तक्रार तिने लिहायची. आवाज एकदाच ऐकवणार. हेडफोन लावणं सक्तीचं.

नेमका त्याच आठवड्यात तिचा जुना फोन बंद पडला. मामाने नवा घेऊन दिला. फोन चांगला होता, पण हेडफोनची गोल पिन लावायला त्याला जागाच नव्हती. खाली एकच चपटं यूएसबीचं तोंड होतं, तेच चार्जिंगचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी वैजू भूपालच्या दुकानात गेली.

"भूपालदादा, हा हेडफोन या फोनला कसा जोडायचा?"

"कशाला जोडतेस? बिनवायरीचा घे."

"वापरून बघितला मी. त्यात पडद्यावर बोट पुढे जातं आणि आवाज मागून येतो. मला हाच पाहिजे."

भूपालने खण ओढला. त्यात छोटे छोटे कनेक्टर पडले होते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिनेसाठी जागा. त्याने वरचाच एक उचलून तिच्या हातात दिला.

"हे मध्ये लाव. झालं काम."

लावून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

घरी जाऊन वैजूने कनेक्टर फोनला लावला, त्यात हेडफोनची पिन बसवली आणि हेडफोन डोक्यावर चढवला. कानात काहीच येईना. फोन आपला स्वतःच्या स्पीकरमधूनच, नेहमीसारखा मोठ्याने बोलत होता. तिने पिन काढून पुन्हा बसवली. फिरवून बघितली. काही उपयोग झाला नाही.

दुपारी ती परत दुकानात आली. तेव्हाही चार माणसं होतीच. कनेक्टर का चालत नाही हे भूपालला खरंच माहीत नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ वळेना.

"तुझी वायर आतून तुटली असणार," तो म्हणाला. "जुना माल आहे. कुठेतरी ओढली गेली असेल."

वैजूचा चेहरा उतरला. "माझ्याच हातून झालं असेल," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा उशीखालून काढताना ओढल्यासारखं वाटलं होतं मला. दादा, दुरुस्त होईल ना? उद्या परीक्षा आहे."

"ठेवून जा. बघतो."

ती घरी गेली. तिची आई कमळाकाकू मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. वायर तुटल्याचं ऐकून ती वैतागली. "किती वेळा सांगितलं, वस्तू जपून वापर. आता ऐन परीक्षेच्या वेळी कुठून आणायचा दुसरा?"

इकडे गर्दी ओसरल्यावर भूपालने हेडफोन पुढ्यात घेतला. पिनेजवळ वायर कापून नवी पिन जोडावी असं त्याने ठरवलं. पक्कड उचलली, आणि कापण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून हेडफोन दुकानातल्या रेडिओला लावला. दोन्ही कानांत गाणं स्वच्छ वाजू लागलं. त्याने वायर वाकवली, हलवली, पिळली. आवाज एकदाही तुटला नाही. वायर धडधाकट होती.

पक्कड खाली ठेवून त्याने शहरातल्या ठोक दुकानदाराला फोन लावला.

"तुमच्याकडचा कनेक्टर लावला तर नव्या फोनमध्ये हेडफोन वाजत नाही. का ते मला कळत नाही. नीट सांगा."

"त्यात दोन जाती आहेत," पलीकडून उत्तर आलं. "एकात नुसत्या तारा असतात. फोनने स्वतःच यूएसबीतून गोल पिनेच्या हेडफोनला चालेल असा आवाज सोडला, तरच तो वाजतो. बरेच फोन तसा सोडत नाहीत. दुसऱ्यात आवाज तयार करणारी बारीक चिप असते. तो बहुतेक सगळीकडे चालतो. दिसायला दोन्ही सारखेच."

भूपालने खण टेबलावर उपडा केला. दोन्ही जाती त्याने आजवर एकत्रच टाकल्या होत्या. वैजूसारखाच एक फोन काचेच्या कपाटात होता. तो काढून भूपाल एकेक कनेक्टर लावून बघू लागला. पहिला गप्प. दुसरा गप्प. असे बरेच झाले, आणि मग एकातून कानात आवाज आला. त्याने तो काढून पुन्हा लावला. पुन्हा आवाज आला.

त्याला हायसं वाटलं. आता सगळं सोपं होतं. हेडफोन आणि हा कनेक्टर वैजूला द्यायचा आणि सांगायचं, वायर दुरुस्त केली, जोडीला कनेक्टरही बदलून दिला. तिचं काम होईल. ती आभार मानेल. कुणाचं काही बिघडणार नाही.

दुकान बंद करताना तो हेच वाक्य मनात घोळवत होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे सारखा वैजूचा उतरलेला चेहरा येई. माझ्याच हातून झालं असेल, असं ती म्हणाली होती. हातांवर आणि कानांवर तिचं सगळं जग चालत होतं. आपण त्या हातांवर खोटा आळ घातला आणि उद्या ती तोच आळ मनात घेऊन परीक्षेला बसणार. हेडफोन वाजेल, पण तो आळ तसाच राहील.

दिवेलागणीला तो हावळांच्या घरी पोचला. माग चालूच होते. कमळाकाकूने त्याला बसायला पाट दिला.

"वायर जोडलीस का रे?" तिने विचारलं.

भूपालने हेडफोन वैजूच्या हातात ठेवला.

"काकू, वायर तुटलीच नव्हती. हेडफोन एकदम चांगला आहे. मी कनेक्टर चुकीचा दिला आणि तोही न तपासता. वर हिचीच वायर तुटली म्हणून सांगितलं. वैजू, तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. चूक माझी होती."

कमळाकाकूच्या चेहऱ्यावर राग आला, तो तिने लपवला नाही.

"मी दुपारभर पोरीला बोलत होते, भूपाल."

"म्हणूनच आलो, काकू. उद्यावर टाकलं असतं तर ती तसंच मनात घेऊन परीक्षेला बसली असती."

काकू लेकीजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "उगाच बोलले गं तुला."

वैजूने नवा कनेक्टर फोनला लावला, पिन बसवली, हेडफोन चढवला. माग लांब गेले. कानात फोन शांतपणे बोलू लागला. ती हसली आणि तिथेच बसून सराव करू लागली. काकूने भूपालसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. संध्याकाळी वैजू स्वतः दुकानात आली. दुकान भरलेलं होतं.

"कशी गेली?" भूपालने विचारलं.

"चांगली गेली, दादा. मध्ये एका बाईंचं बोलणं चालू होतं आणि कानातला आवाज एकदम गेला. माझा हात वायरीकडे निघाला होता. काढून पुन्हा लावणार होते."

"मग?"

"मग तुमचं बोलणं आठवलं. वायर चांगली आहे, माझा हातही चांगला आहे. म्हणून हात मागे घेतला आणि थांबले. नेट अडकलं होतं, तेवढ्यात सुरू झालं. लगेच त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मी पिनेशी खेळत बसले असते तर ते हुकलंच असतं."

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पण वायर खराब आहे असं तुला कोण म्हणालं होतं?"

वैजू काही बोलणार एवढ्यात भूपालने सांगून टाकलं, "मी म्हणालो होतो. चुकीचं होतं ते."

त्या गिऱ्हाइकाने मान हलवली आणि आपला बंद पडलेला रेडिओ त्याच्यापुढे ठेवला.

पुढच्या महिन्यात वैजू नोकरीवर रुजू झाली. हेडफोन तोच, जुना.

तात्पर्य: आपल्या चुकीने झालेलं नुकसान गुपचूप भरून देणं पुरेसं नसतं, त्या चुकीचा दोष ज्याच्या माथी गेला, त्याच्या माथ्यावरून तो आपल्या तोंडाने उतरवावा लागतो.