बाद म्हणायची रीत

एक डोह होता. डोहाच्या वरच्या अंगाला एक रान होतं आणि खालच्या अंगाला एक. दोन्ही रानांतली जनावरं एकाच डोहाचं पाणी पीत, एकमेकांना नावं ठेवत आणि सुखात राहत.

उन्हाळ्यात मात्र डोह आटे. आधी जाईल त्याला निवळ पाणी मिळे, मागाहून येईल त्याला गाळ. त्यावरून शिंगाला शिंग लागे. एका साली या भांडणात इतकी जनावरं मेली, की जिंकलेल्या बाजूकडे पाणी प्यायला फारसं कुणी उरलं नाही. तेव्हा जुन्या जाणत्यांनी ठरवलं, की मारामारीपेक्षा हुतूतू बरा. दर उन्हाळ्यात एकदा खेळायचा. जिंकेल त्या रानाने पहाटे पाणी प्यायचं, हरेल त्याने दिवस कलल्यावर.

सात गडी इकडे, सात तिकडे, मधे रेघ. एका दमात हुतूतू म्हणत रेघेपलीकडे जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम असेतो परत यायचं. ज्याला शिवलं तो बाद. पलीकडे धरून ठेवलं आणि दम तुटला, तर गेलेला बाद. मैदानाची कड ओलांडली, तरी बाद. एका बाजूचे सगळे गेले की खेळ संपला.

पंच नव्हता. माणसांना याचं नवल वाटेल, पण जनावरांना पंच नेमायचं सुचलंच नाही. आपल्याला शिवलं की आपल्याला कळतं, मग ते दुसऱ्याला काय विचारायचं? ज्याला शिवलं तो आपणहून मोठ्याने ‘बाद’ म्हणे आणि डोहाकाठच्या जांभळाखाली जाऊन बसे. निकाल लागेपर्यंत डोहाला कुणी तोंड लावायचं नाही, अशी शिस्त होती. फक्त बाद झालेल्याला मुभा होती. हरलेल्याला निदान पाणी तरी द्यावं, एवढी समज जनावरांत होती.

त्या काळी दोन्ही रानांचा राजा एक गवा होता. तो रीतसर निवडून आला होता. निवडणुकीत त्याच्यासमोर एक अस्वल उभं राहिलं होतं. महाराजांनी भर सभेत विचारलं, “माझ्यासमोर कोण उभं आहे?” अस्वल बसलं. अशा रीतीने निवडणूक शांततेत पार पडली.

महाराजांचा प्रधान कोल्हा. रानाच्या चाऱ्याचं कोठार त्याच्याकडे सोपवलं होतं, कारण कोल्हा चारा खात नाही. कोठार तरीही दर साली रिकामं होई. त्याची चौकशी कोल्हाच करी आणि दर वेळी सखोल करी.

राजा दोन्ही रानांचा असला तरी हुतूतू वरच्या रानाकडून खेळे, कारण तो मूळचा तिथला. खालच्या रानाकडून सगुणा नावाची भेकरीण खेळे. अंगाने शेळीएवढी, पण दमाची पक्की. यंदा तिला जिंकायचंच होतं. गेल्या उन्हाळ्यात गाळाचं पाणी पिऊन तिच्या सासूला खोकला धरला होता, तो सुटला नव्हता. आणखी एक उन्हाळा गाळ पोटात गेला, तर म्हातारी पावसाळा बघणार नाही, हे सगुणाला ठाऊक होतं. म्हातारीलाही ठाऊक होतं, पण ती त्यावर बोलत नसे. बाकी सगळ्यावर बोले.

सगुणाच्या बाजूला साळिंदरबुवा होते. त्यांना धरायला सहसा कुणी धजत नसे. सातवा गडी मिळेना, म्हणून एका कासवाला आणून मैदानाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याने हरकत घेतली नाही, म्हणून त्याची संमती आहे असं धरलं.

माकडाने डफ वाजवला आणि खेळ सुरू झाला.

सगुणा पहिल्याच फेरीला पलीकडे गेली. रानडुकराला चुकवलं, कोल्ह्याला हूल दिली, महाराजांच्या मागच्या मांडीवर खूर टेकवला आणि दम सांभाळून परत आली. मांडीवर धुळीत खुराचा ठसा उमटला. तो कडेच्या झाडांवरच्या वानरांनाही दिसला.

सगळे थांबले. रीत अशी, की आता महाराजांनी ‘बाद’ म्हणायचं.

महाराज रवंथ करत उभे राहिले.

सगुणा म्हणाली, “महाराज, मांडीला शिवले मी.”

“शिवली असशील,” महाराज म्हणाले. “मला काही जाणवलं नाही.”

आता खरं सांगायचं, तर महाराज त्या वेळी खोटं बोलत नसावेत. गव्याचं कातडं जाड, त्यावर चिखलाचा थर, आणि शिवणारी भेकरीण. बिचाऱ्यांना खरोखरच कळलं नसेल. तिथे कुणीतरी म्हणायला हवं होतं, की महाराज, ठसा बघा. पण तेवढ्यात कोल्हा पुढे झाला.

“बंधूंनो आणि भगिनींनो,” कोल्हा म्हणाला, “सगुणाबाईंचं खरं त्यांच्या खुरात आहे. त्याचा आम्ही आदर करतो. पण महाराजांचंही एक खरं आहे, आणि ते महाराजांच्या कातड्यात आहे. दोन्ही आपापल्या जागी मोठी आहेत. भेकराचं माप गव्याला लावणं हा समस्त गव्यांचा अपमान आहे. या रानात यापुढे एकच न्याय. ज्याचं कातडं, त्याचं खरं.”

वरच्या रानाने जयघोष केला. “ज्याचं कातडं, त्याचं खरं.” ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून खालच्या रानातलेही काही ओरडले.

खेळ पुढे सुरू झाला. साळिंदरबुवांनी रानडुकराला शिवलं. काटा घुसला, डुक्कर कळवळलं, पण म्हणालं, की ही जुनी दुखणी आहेत. मग सगुणा पुन्हा महाराजांना शिवली. या वेळी कानाला. कान थरथरला. महाराज म्हणाले, माशी होती. कोल्ह्याला शिवलं तेव्हा तो म्हणाला, की मला जाणवलं, पण मी त्याच्याशी सहमत नाही.

मग साळिंदरबुवांची पाळी आली. वरच्या रानाने त्यांना काट्यांसकट घेरलं आणि त्यांचा दम तुटला. हुतूतूचा शेवटचा तू खोकल्यात गेला. सगळ्यांनी ऐकला. बुवा उठले, काटे झटकले आणि रेघ ओलांडून आपल्या जागी येऊन उभे राहिले.

सगुणा हळूच म्हणाली, “बुवा, दम तुटला तुमचा.”

“मला नाही ऐकू आला.”

“मला आला ना.”

“मग तुझ्या कानाचं खरं तुझ्यापाशी ठेव,” बुवा म्हणाले. “अगं, त्यांनी उभ्याउभ्या चार बाद गिळले. आपण एकटे खरं बोलून काय मिळवणार? गाळ. तुझ्या सासूला सांग जाऊन, की आत्याबाई, पाणी गढूळ आहे पण तुमची सून फार नीतीची आहे.”

सगुणाने कडेला बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी खोकत होती. सगुणा काही बोलली नाही. मनात तिने एवढंच म्हटलं, की आजच्या दिवसापुरतं. बुवा खेळात राहिले.

अशा रीतीने दोन्ही बाजूंचं एकमत झालं आणि कुणीही बाद होईना.

दिवस मावळला. खेळ संपेना, कारण कुणी जाईना. मैदान सोडावं, तर कड ओलांडली म्हणून बाद. सगळे उभ्याउभ्या झोपले. सकाळी पुन्हा शिवाशिवी सुरू झाली. डोह समोर निवळशंख पडला होता, पण निकाल नाही म्हणून पाणी नाही. बघणाऱ्यांच्या जिभा बाहेर आल्या. डोहाला तोंड लावील त्याला राजद्रोही समजू, असं कोल्ह्याने मैदानातूनच जाहीर केलं. खेळाडूंची शक्ती टिकावी म्हणून कोठारातला चारा वरच्या रानाच्या गड्यांना पोचवायचा हुकूम निघाला. त्याला मैदानभत्ता असं नाव दिलं.

दुपारी एक समिती नेमली. शिवणं म्हणजे काय, याचा तिने अभ्यास करायचा होता. समितीने ठरवलं, की प्रत्येक जातीची शिवण्याची कल्पना वेगळी असते आणि सगळ्याच कल्पना आदरणीय आहेत. लांडग्यांमध्ये चावा हे नमस्काराचंच एक रूप आहे, हे तेव्हा प्रथमच सगळ्यांना कळलं. सशांनी विचारलं, की मग आमच्यात चावा म्हणजे काय? समिती म्हणाली, तो तुमचा अंतर्गत प्रश्न आहे.

तिसऱ्या दिवशी खेळाडूंच्या तोंडून नीट हुतूतूही निघेना. म्हातारीचा खोकला आता कोरडा येत होता आणि दोन खोकल्यांच्या मधे ती बोलेनाशी झाली होती. ही गोष्ट सगुणाला सगळ्यांत वाईट वाटली. सासूने टोमणे मारणंही सोडलं होतं.

त्याच वेळी रानडुक्कर धडपडत या बाजूला आलं, कुणालाच न शिवता अडखळलं आणि परत गेलं. जाताना त्याचं नाक सगुणाच्या शेपटीच्या टोकाला लागलं. केसाला लागलं म्हणा. डुकरालाही पत्ता नव्हता. कुणीच पाहिलं नाही.

सगुणाने मागे वळून शेपटीकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाली, “बाद.”

तीन दिवसांत तो शब्द कुणी ऐकला नव्हता. माकडाच्या हातून डफ पडला.

साळिंदरबुवा खेकसले, “तुला कोण शिवलं?”

“डुक्कर.”

“मी?” डुक्कर म्हणालं. “मला काही जाणवलं नाही.”

“मला जाणवलं,” सगुणा म्हणाली. “प्रधानजी, ज्याचं कातडं त्याचं खरं ना? माझं कातडं पातळ आहे. बुवा, तुमचा दम परवाच तुटला होता. तो मी ऐकला आणि गप्प बसले, त्याचंही मला जाणवलं.”

एवढं बोलून ती कड ओलांडून गेली, जांभळाखाली बसली, आणि रीतीप्रमाणे तिने डोहाला तोंड लावलं.

पाणी पिण्याचा आवाज इतक्या लांबून इतका स्पष्ट ऐकू येतो, हे कुणाला माहीत नव्हतं.

पिऊन झाल्यावर सगुणाने सासूला हाक मारली. म्हातारी उठून निघाली. कोल्हा ओरडला, की फक्त बाद झालेल्यांनाच मुभा आहे.

म्हातारीला बोलायला कारण मिळालं. “मी शेवटचा खेळ खेळले, तेव्हा बाद झाले होते रे,” ती म्हणाली. “त्यानंतर मला परत आत घेतलंय का कुणी? मी आहे ती बादच आहे.” आणि ती गेली आणि निवळ पाणी प्याली.

साळिंदरबुवांनी घसा खाकरला. “आता आठवून बघतो तर,” ते म्हणाले, “परवा माझा दम जरा तुटल्यासारखा वाटला होता. बाद.”

मग डुक्कर म्हणालं, की काटा लागला होता, अजून आतच आहे, वाटल्यास दाखवतो. खालच्या रानाचा एक चितळ म्हणाला, मला कुणी शिवलं नाही, पण कुणीतरी शिवायचा विचार केला होता. तो गेला. मग रांगच लागली. बघणाऱ्यांतही ज्याला त्याला आपला जुना बाद आठवू लागला. एकेक जण कबुली देत होता, म्हणून एकेक जण पाण्यावर जात होता, आणि एकेक जण गेल्यामुळे गाळ उठतच नव्हता. डोहात सगळ्यांना पुरेल इतकं पाणी होतं. आजवर ते कुणी हळू जाऊन पाहिलं नव्हतं.

शेवटी कोल्हा म्हणाला, “खरं तर मी पहिल्याच दिवशी बाद झालो होतो. नम्रतेमुळे बोललो नाही.” आणि तोही गेला.

मैदानात महाराज एकटे उरले.

“म्हणजे मी जिंकलो,” महाराज म्हणाले.

“अजून नाही, महाराज,” कोपऱ्यातून आवाज आला. “मी आहे.”

ते कासव होतं. त्याला सगळे विसरले होते. महाराज हुतूतू म्हणत धावले आणि त्यांनी कासवाच्या पाठीवर खूर आपटला. दाण्‌कन आवाज झाला.

कासवाने मान बाहेर काढली. “मला काही जाणवलं नाही, महाराज,” ते म्हणालं. आणि ते खोटं बोलत नव्हतं.

महाराजांनी समिती बोलावली. समिती पाण्यावर होती.

तेव्हापासून महाराज मैदानातच आहेत. कासव कधी पलीकडे जात नाही, म्हणून तेही आहे. साळिंदरबुवा दोघांनाही रोज पळसाच्या द्रोणात पाणी नेऊन देतात. सुरुवातीला काही जण नको म्हणत होते, पण सगुणाच्या सासूने बजावलं, की प्यायला द्या रे त्या गव्याला. तहानेने मेला, तर पुतळा उभारावा लागेल आणि डोहाकाठी जागा नाही. म्हातारीचा खोकला गेला. टोमणे आहेत.

रानाचा कारभार आता बाद झालेलेच बघतात. बरा चाललाय. कोल्ह्याने खिलाडूवृत्तीचे वर्ग काढले आहेत आणि त्यांना गर्दीही होते.

दर पाच वर्षांनी माकड डफ घेऊन मैदानाच्या कडेशी जातं आणि अदबीने विचारतं, “महाराज, काही जाणवलं का?”

महाराज म्हणतात, “काही नाही.”

मग माकड डफ वाजवून तसं जाहीर करतं.