साळुंकीची शाळा

जंगलांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एक साळुंकी पिल्लू असतानाच राजवाड्यात गेली आणि राणीच्या सज्जात माणसांची भाषा शिकून मोठी झाली. जाळी घेऊन निघालेले शिकारी काय बेत करतात, हे तिला तिथून ऐकू येई. आपल्या पाखरांना ही भाषा आली तर कितीजण वाचतील, असं तिला वाटे. म्हणून एके दिवशी ती जंगलात परतली आणि पिंपळावर तिने शाळा काढली.

तिची तळमळ खरी होती, पण घाईही फार होती. पहिल्याच दिवशी तिने नियम घातला, "या झाडावर फक्त राजवाड्याची भाषा. जो रानबोलीत चोच उघडेल, त्याला दुपारी खायला उंबर मिळणार नाही."

सातभाई पक्ष्यांचं एक पिल्लू भारी बडबडं होतं. रोज उपाशी राहून राहून तेही गप्प झालं. त्याची आई शाळेत आली.

"बाई, लेकरू घरीसुद्धा बोलत नाही हो. आता मी काय शेपटी हलवून त्याच्याशी बोलू?"

"ताई, थोडी कळ काढा. काल त्याने 'महाराजांचा विजय असो' किती छान म्हटलं."

"म्हटलं खरं. आमच्या घरट्यात महाराज कधी येणार, तेवढं सांगून ठेवा."

साळुंकीने ते हसण्यावारी नेलं.

एका दुपारी पाठ रंगात आला असताना त्याच पिल्लाने पंख वर केला. "बाई, विनंती आहे. खोडावरून... लांब असे... कुणी..."

"अडखळू नकोस. वाक्य नीट जुळव."

पिल्लाची सगळी पिसं उभी राहिली होती. तरी त्याने वाक्य जुळवलं. "खोडावरून लांब असे पाहुणे वर येत आहेत."

साळुंकीने वळून पाहिलं. साप फांदीच्या टोकाला बसलेल्या बुलबुलाच्या पिल्लापाशी पोचला होता. ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण तिच्या गळ्यातून निघालं ते एवढंच, "सावध असावे, सावध असावे."

पिल्लांना तो नवा धडा वाटला. सगळी एका सुरात म्हणाली, "सावध असावे, सावध असावे." जागचं कुणी हललं नाही.

साप उतरून गेला तेव्हा फांदीवर एक जागा रिकामी होती.

"अरे, तू ओरडला का नाहीस?" साळुंकीने सातभाईच्या पिल्लाला विचारलं.

"ओरड गळ्यात आली होती, बाई. पण ती रानबोलीतली होती. मी गिळली."

त्या दिवशी साळुंकीने पाठ पुढे घेतला नाही.

बुलबुलाची आई त्या झाडाकडे पुन्हा फिरकली नाही. दुसऱ्या सकाळी साळुंकी पिल्लांच्या रांगेत जाऊन बसली आणि सातभाईच्या पिल्लाला म्हणाली, "आधी ती ओरड मला शिकव. माझी हरवली आहे."

तेव्हापासून त्या पिंपळावर दोन्ही भाषा बोलल्या जाऊ लागल्या. शिकाऱ्यांचे बेत पिल्लांना कळू लागले, आणि साप दिसला की सारं झाड दणाणून जाई.

तात्पर्य: मुलाला त्याची बोली गिळायला लावून शिकवलेली भाषा, कितीही मोठी असली तरी, त्याच्या जिवावरच उठते.