गिदोन पाणाड्याचे न मळलेले कपडे

आशेर, पाय आत घे. सुवार्ता, तो नवा फ्रॉक उशाखालून काढून खुंटीला लाव बघू, चुरगळला तर उद्या देवळात रडत बसशील. नाताळ उद्या आहे, आज नाही. हं, असं. आज राजाची गोष्ट नाही सांगणार. राजाला काय धाड भरलीय, तो रोजच असतो. आजची गोष्ट नव्या कपड्यांची आहे, आणि ती वाईट वाटायला लावते. आधीच सांगून ठेवते, मागाहून माझ्या नावानं रडायचं नाही.

एकदा काय झालं, एका उजाड माळावर एक गाव होतं. सगळं गाव आपल्यासारखं येशूला मानणारं. तिथं एक पाणाड्या राहायचा. पाणाड्या म्हणजे जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस, बरं का. त्याचं नाव गिदोन. तो वहाणा काढायचा, भुईला कान लावायचा आणि सांगायचा, इथं खणा. तिथं पाणी लागायचंच.

गिदोनला आई नव्हती, बाप नव्हता. थोरला भाऊ आमोस आणि वहिनी सगुणा, या दोघांनी त्याला लहानाचा मोठा केला. वहिनी तर भाकरीचा पापुद्रासुद्धा सोलून त्याच्या ताटात घालायची. एवढा लाड करू नये माणसाचा. पण तिला मूल नव्हतं, मग ती कुणाचा करणार?

त्या गावात विहीर खणायची एक रीत होती. खणताखणता ओली माती लागली की सगळे वर यायचे. मग पाणाड्या एकटा खाली उतरायचा. तळाशी गुडघे टेकून प्रार्थना करायचा, मातीला कान लावायचा, आणि शेवटचा घाव स्वतःच्या हातानं घालायचा. त्याला म्हणायचे पाण्याचा टिकाव. नेमका कुठं मारायचा हे त्याच्याच कानाला कळायचं. जागा चुकली तर वरची कड ढासळायची.

मग एका वर्षी पाऊस पडला नाही. सगळ्या विहिरी आटल्या. बायका तीन माळ ओलांडून एकेक घागर आणायच्या. गिदोननं जागा दाखवली, गाव खणायला लागलं. खणलं, खणलं, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ओली माती लागली.

आता गिदोननं काय केलं होतं? वहिनीनं एकाच ताग्यातून दोघा भावांना पांढरे सदरे शिवले होते नि धोतरं काढली होती नाताळसाठी. आमोसनं आपले पेटीत ठेवले. गिदोनला कुठला दम? त्यानं सकाळीच अंगावर चढवले. आणि तसाच विहिरीच्या काठावर येऊन उभा राहिला.

तो म्हणाला, "दादा, कपडे मळत्याल माझे. तूच मार की टिकाव. मी वरनं सांगतो कुठं मारायचा ते."

आमोस म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. थोरले भाऊ असेच असतात. तो उतरला. वरून कान कसा लागणार? गिदोननं आपलं अंदाजानं बोट दाखवलं. आमोसनं टिकाव मारला, आणि कड ढासळली.

काय गं सुवार्ता? हो, मेला. गोष्टीतसुद्धा माणसं मरतात. मी खोटं नाही सांगणार.

ऐन नाताळच्या दिवशी गावानं आमोसला माती दिली. घराघरांवर टांगलेले नाताळचे ताऱ्याचे कंदील उतरवून ठेवले. सगुणा रडली नाही. ती गिदोनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमचे कपडे मळले न्हाईत, भावजी."

बाळांनो, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. गिदोनला ते ऐकून तिथं उभं राहवेना. तो निघाला तो त्याच कपड्यांनिशी, मागं न बघता. कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. फक्त त्या विहिरीपासून लांब जायचं होतं.

पण त्याला लागला चकवा. चकवा म्हणजे माहीत आहे ना? माणूस चालत राहतो, चालत राहतो, आणि फिरून त्याच जागी येतो.

पहिल्यांदा तो उगवतीकडे गेला. महिनोन्महिने चालला. लोक म्हणायचे, जा सरळ. तो सरळच जायचा. मग एका तिन्हीसांजेला समोर मातीचे ढीग दिसले. बघतो तर तीच विहीर.

दुसऱ्यांदा तो मावळतीकडे निघाला. त्याला वाटलं, आपले पायच दगा देतात, तर पाय टाकायलाच नकोत. म्हणून एका बैलगाडीवाल्याच्या पाया पडला आणि गाडीत आडवा झाला. कितीतरी दिवस गाडी चालत होती. एके दिवशी बैल थांबले. गाडीवाला म्हणाला, "उतर बाबा, पुढं वाट न्हाई." गिदोननं डोकं वर काढलं. तीच विहीर.

तिसऱ्यांदा तो उत्तरेला एका मोठ्या शहरात पोचला. तिथं आभाळाला टेकेल एवढं उंच देऊळ होतं. गिदोनच्या मनात आलं, इथं देव असणार. तो आत गेला, पण त्याचे गुडघे वाकेनात. ज्या दिवशी वाकायचे त्या दिवशी वाकले नव्हते, आता ते लाकडासारखे झाले होते. मग तो घंटेच्या मनोऱ्यावर चढला. म्हटलं, उंचावरून वाट तरी दिसेल. त्यानं उगवतीला बघितलं, तिकडे ती विहीर होती. मावळतीला बघितलं, तिकडेही तीच. चारी दिशांना एकच विहीर, तोंड उघडून बसलेली.

तेव्हा गिदोन कठड्याला धरून खूप रडला. त्याला कळलं, आपल्याला आता जगात कुठंच वाट नाही. प्रार्थना करायला त्यानं तोंड उघडलं खरं. नुसता 'दादा, दादा' म्हणत राहिला.

मग काय, तो खाली उतरला नि चालू लागला. कुठं पोचणार ते ठाऊकच होतं. भर दुपारी विहिरीवर आला. ती तशीच अर्धवट पडून होती, पाण्याचा टिकाव मारायला गावात पाणाड्याच नव्हता. त्या दिवशी वर्ष फिरून पुन्हा नाताळचा आदला दिवस होता. त्याला दिवसांची शुद्ध नव्हती. पांढरे कपडे चिंध्या झाले होते. तो म्हणाला, चारी दिशा बघून झाल्या. आता एकच उरली, खालची. दादा गेला तिथंच जाऊन बसतो. मग दोराला धरून तो विहिरीत उतरला.

खाली अंधार नि गारवा. त्यानं वर पाहिलं. आणि काय दिसलं असेल? विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ, आणि त्यात भर दुपारी एक तारा. मनोऱ्यावरून नव्हता दिसला तो. इतक्या खोल आल्यावर दिसला.

त्या ताऱ्याच्या उजेडात त्याला तळाशी एक लहान मूल बसलेलं दिसलं. एवढंसं, आशेरच्याही निम्मं. पाय चिखलानं भरलेले.

गिदोननं विचारलं, "तू इथं कसा आलास, बाळा?"

मूल म्हणालं, "मी कधीचा इथंच आहे. तुझा भाऊ पडला तेव्हाही इथंच होतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

गिदोन म्हणाला, "मंग वाचवलं का न्हाईस त्याला?"

तर बाळांनो, त्या मुलानं तोंड ओंजळीत घेतलं. ते रडायला लागलं. ढसाढसा रडलं, आईविना पोर रडतं तसं. मला विचाराल तर मलाही ठाऊक नाही उत्तर. तुमचे आजोबा गेले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. पण गिदोनला एवढं कळलं की दादा एकटा नव्हता. आणि त्याचे ते लाकडासारखे गुडघे वाकले. तो त्या चिखलात बसला आणि दोघं मिळून रडले.

मग गिदोन म्हणाला, "मला वाट सांग. मी कुठं जाऊ?"

मूल म्हणालं, "तू उगवतीला गेलास, मावळतीला गेलास. वहिनीच्या दारात गेलास का?"

गिदोननं मान खाली घातली. पुन्हा वर केली तर तिथं कुणी नव्हतं. मूल नव्हतं, नुसता ओला चिखल. कोण होतं ते तुम्हाला कळलंच असेल. आपल्याला वाटतं देव वर बसलाय. अरे, तो नाताळात खाली उतरला ना? पार गोठ्यात उतरला, मग विहीर त्याला काय जड आहे?

गिदोन वर आला. तारा पुढं चालला, हा मागं. माळ ओलांडला तरी विहीर पुन्हा आली नाही. चकवा सुटला होता. पण प्रत्येक पावलाला त्याला वाटलं, चकवाच बरा होता. दिवेलागणीला तारा एका छपरावर थांबला. सगळ्या गावात त्याच घरावर नाताळचा कंदील नव्हता.

सगुणानं दार उघडलं. वर्षभरात ती म्हातारी दिसायला लागली होती. तिनं विचारलं, "कोण पायजे?"

तो म्हणाला, "वहिनी, टिकाव माझा होता. कपडे मळत्याल म्हणून मी दादाला उतरवलं."

ती ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत गेली आणि आमोसचा टिकाव घेऊन आली. तो त्याच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. रात्रभर गिदोन उंबऱ्याबाहेर बसून होता. माफी अशी चटकन मिळत नसते, बरं का.

नाताळची पहाट झाली. देवळाची पहिली घंटा वाजली तेव्हा गिदोन विहिरीत उतरला. आधी पडलेली माती पाटीत भरून बाजूला ओढली. मग गुडघे टेकले, प्रार्थना केली, कान लावला. एक टिकाव मारला, नुसता दगड वाजला. दुसरा मारला, वरची माती थोडी सुटली, पण कड टिकली. मग जिथं ते मूल बसलं होतं, जिथं दादाचं डोकं होतं, तिथं त्यानं तिसरा मारला. आणि पाणी आलं. गार, गोड पाणी, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. टिकावाचा आवाज ऐकून वर जमलेल्या बायका हसत होत्या नि रडत होत्या.

गिदोन वर आला तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला. समोर सगुणा उभी होती. तिच्या हातात पांढऱ्या कपड्यांची घडी होती. आमोसची. त्याच ताग्यातली, वर्षभर पेटीत राहिलेली, एकदाही अंगाला न लागलेली.

ती म्हणाली, "हात-तोंड धुवा आणि हे घाला, भावजी. देवळात जायचंय."

तेवढं म्हणाली आणि तेव्हा कुठं ती रडली. वर्षभराचं रडू होतं ते, बराच वेळ पुरलं.

आमोस परत आला का? नाही रे राजा, नाही आला. पण गाव तहानेनं मेलं नाही. दीर-भावजय एका घरात राहिले, सुखानं भाकरी खाऊन राहिले. दर नाताळला तिथं ताऱ्याचा कंदील छपरावर नाही टांगत. दोरानं विहिरीत सोडतात, पार पाण्यापर्यंत. ज्याला कुठंच वाट दिसत नाही, त्यानं येऊन वाकून बघावं म्हणून.

आता दिवा बारीक करते. सुवार्ता, उद्या नवा फ्रॉक घातलास की आधी शेजारच्या आंधळ्या मावशीकडे एक कळशी पाणी नेऊन दे. हिंदकळलं तर हिंदकळू दे. डाग पडला तर मी धुऊन देईन. झोपा आता.