कागदाची ओढ

एक वृद्ध गुरुजी देवळाच्या ओसरीवर दुपारी विज्ञान शिकवीत असत. संसारापायी जिची शाळा सुटली होती अशी एक गृहिणी त्यांची शिष्या होती. सोमवार, चतुर्थी, चातुर्मास, एकही व्रत तिने कधी मोडले नाही; आणि तितक्याच निष्ठेने एक अबोलाही पाळला. आईच्या तेराव्याला थोरला भाऊ चारचौघांत म्हणाला होता, "पाहुण्यासारखी आलीस!" तेव्हापासून घरात कुणी त्याचे नाव काढलेले तिला खपत नसे. नदीपलीकडेच तो राहायचा. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो; तो आला नाही, की ही रीतीप्रमाणे चंद्राला ओवाळी.

भाऊबीजेच्या दुपारी गुरुजींनी छेडले, "आजही चंद्रालाच का गं?"

"तो निदान येतो तरी, गुरुजी! दादाच्या मनात काही असतं, तर आला नसता का? कोरडा माणूस."

गुरुजींनी खिशातला कंगवा काढून तिच्यापुढे धरला. "माझ्या टकलावर काय चालणार हा! तू न्हालेली आहेस, केसही वाळलेत; तुझ्या केसांतून फिरव."

ती गोंधळली, तरी तिने फिरवला. गुरुजींनी पायरीवर कागदाचे कपटे पसरले. "हलतात का?"

"इतक्या लांबून कसे हलतील?"

"मग जवळ ने."

तिने कंगवा खाली नेला मात्र, कपटे टपाटप उडून त्याला चिकटले.

"कागदावर विद्युतभार होता?"

"नाही."

"बाहेरून नाही, बाळ. आत आहे. त्याच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यात धनभाराचे प्रोटॉन आहेत आणि भोवती तितक्याच ऋणभाराचे इलेक्ट्रॉन. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात, म्हणून आपल्याला वाटते, इथे काहीच नाही. केसांवर घासून ऋणभारित झालेला कंगवा जवळ आला, तसे ते इलेक्ट्रॉन किंचित मागे सरले आणि धन बाजू पुढे झाली. तेवढ्यानेच कागद झेपावला. पण लांब बसून हे घडत नाही. कुणीतरी जवळ जावे लागते."

तिने कंगव्यावरचे कपटे एकेक करून काढले. मग घरी जाऊन तिने ओवाळणीचे ताट केले आणि पूल ओलांडला.

दार वहिनीने उघडले. "वन्सं!" म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. "दर भाऊबीजेला धुतलेला सदरा घालून बसतात हो. 'चिमीचं बोलावणं आलं, तर तयार असावं' म्हणतात. या वर्षी मात्र... नजर गेली त्यांची."

आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

"मी, दादा."

आत खाट करकरली. मग, "थांब हं. टोपी घालू दे. उघड्या डोक्याने ओवाळून घेतात होय?"

त्याचा हात चाचपडत राहिला. तिनेच टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. निरांजन त्याच्या चेहऱ्यासमोरून फिरले. डोळे ज्योतीमागे फिरले नाहीत.

"चिमे, केस पिकले का गं तुझे?"

"पिकले, दादा."

"मला आपले काळेच दिसतात," तो म्हणाला आणि हसला.

माया होती तिथेच होती. वर्षे तेवढी गेली, हे तिला कळले.

जवळ जायला उशीर झाला असेल, तरी जावे.