बांधलेला भाव

एका राज्यात तांबडा ज्वर शिरला. तो तीन फेऱ्यांनी येई. पहिल्या फेरीत माणूस थरथरे, दुसरीत बरळे आणि तिसरीतून कोणी उठत नसे. औषध एकच, शीतमुळी. ती काळकड्याच्या कपारीत उगवे. कड्याखाली राहणारे कडेकरी कमरेला दोर बांधून लोंबकळत ती खुडत आणि राजधानीच्या बाजारात विकत.

ताप पसरला तशी मुळी मागणारे वाढले; मागणारे वाढले तसा भाव चढला. एका कवडीची मुळी चार कवड्यांना झाली. राजा सुप्रताप दयाळू होता. त्याला हे बघवले नाही. त्याने मांत्रिक भस्मकेतूला बोलावले आणि म्हणाला, "भाव बांध."

भस्मकेतूने बाजारातल्या मोठ्या तराजूच्या काट्याला काळा धागा बांधला. त्या घटकेपासून शीतमुळीला एका कवडीहून जास्त भाव जो बोले, तो दगड होऊ लागला. कित्येक कडेकरी उघड्या तोंडाने जागच्या जागी दगड झाले. दरबारातल्या वृद्धांनी माना डोलावल्या. "लोभ गोठला," ते म्हणाले.

लोभ गोठला आणि मुळीही संपली. स्वस्त आहे म्हटल्यावर श्रीमंतांच्या नोकरांनी टोपल्याच्या टोपल्या उचलल्या. अंगाला गारवा मिळतो म्हणून मुळ्या हौदात पडू लागल्या. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यांना रिकामा तराजू दिसला. कड्यावरून नवी मुळी उतरलीच नाही.

मग ज्वर राजवाड्यात शिरला. थोरली राजकन्या कुमुदिनी दुसऱ्या फेरीत बरळू लागली. धाकटी मेदिनी दरबारात धावत गेली.

अमात्य म्हणाले, "बाळ, काळजी नको. भाव कमी आहे."

"भाव आहे, अमात्यकाका. मुळी कुठे आहे?"

"येईल."

"कोण आणील? तुम्ही चढता कड्यावर?"

"मोठ्यांशी असं बोलू नये."

"तर मोठ्यांनी असं वागू नये!" मेदिनी म्हणाली आणि पाय आपटत निघून गेली.

बहिणीच्या खिडकीत टिटवी बसून ओरडत होती. अपशकुनी म्हणून दासी तिला खडे मारत होत्या. मेदिनीने दासींचे हात धरले. टिटवी माणसाच्या वाणीने बोलली, "ओरडते ती अपशकुनी, आणि धागा बांधतो तो शहाणा? ऐक. तो धागा वज्रकातरीनेच तुटेल, तोही ज्याने बांधून घेतला त्याच्याच हाताने. तीन कामं कर. तहानेच्या माळावर पाणी विकत घे. भस्मकेतूच्या गुहेतून एकच वस्तू उचल. आणि कड्याखालच्या भिवरा कडेकरणीला राजी कर. लवकर जा. तिसरी फेरी थांबणार नाही."

मेदिनी निघाली.

तहानेच्या माळावर सावली नव्हती, वारा नव्हता. जीभ टाळूला चिकटली तेव्हा एक पखालवाला यक्ष समोर उभा राहिला. पहिल्या ओंजळीला त्याने मोत्यांचा हार मागितला. तिने तो ओरबाडून दिला. दुसऱ्या ओंजळीला अंगठी मागितली. तिने जरा विचार केला आणि दिली. तिसऱ्या ओंजळीला त्याने पैंजण मागितले.

"वेडा आहेस?" मेदिनी म्हणाली. "तिसरीला मी खडाही देणार नाही."

"पाणी तेच आहे. किंमत कुठे गेली?"

मेदिनी थबकली. "माझ्या तहानेबरोबर गेली."

"मग जा," यक्ष म्हणाला आणि नाहीसा झाला.

गुहेत दोन कोनाडे होते. एकात वज्रकातर. दुसऱ्यात एक शीतमुळी, हिरवीगार, दवाने ओली. भिंतीतून आवाज आला, "एक घेशील तर दुसरी राख होईल."

मेदिनीचा हात आपोआप मुळीकडे गेला. एक मुळी म्हणजे कुमुदिनी. लहानपणी हिची वेणी घालणारी, हिच्या चुका स्वतःवर घेणारी कुमुदिनी. आणि कातर म्हणजे? बाजारातले दगड, रांगेतले अनोळखी चेहरे, आणि नुसती आशा. बहिणीची तिसरी फेरी सुरू झाली असेल का? कातर नेली आणि बाबांनी ती हातात धरलीच नाही तर?

तिने कातर उचलली. शेजारच्या कोनाड्यात मुळीची राख झाली. तिने पाहायचे नाही असे ठरवले होते, तरी पाहिले.

काळकड्याखाली भिवरा नाचणी खुरपत होती. तिचा नवरा बाजारात दगड होऊन उभा होता. तिने मान वर केली नाही.

"भिवराबाई, मुळी हवी आहे."

"तुझ्या बापाला सांग, दोर बांध आणि लोंबकळ. एका कवडीत माझा हात मोडला तर बसवून पण मिळत नाही. आणि मी दिवसभर कड्यावर गेले तर हे रान कोण खुरपील? तू?"

"माझी बहीण मरते आहे."

"माझा दादला दगड झालाय. आमच्या पोटाचं विचारायला कोण आलं?"

मेदिनी बांधावर बसली. "चूक आमची आहे," ती म्हणाली. "तुम्ही भाव सांगा."

"आणि दगड होऊ? शहाणीच आहेस!" भिवरेने खुरपे खाली ठेवले. मग पदर पुढे ओढला. "गुरांच्या बाजारात करतात तसं करू. ये, हात घाल पदराखाली. शाप जिभेला आहे, बोटांना नाही."

पदराखाली भिवरेने मेदिनीची पाच बोटे दाबली, म्हणजे पाच कवड्या. मेदिनी लगेच हो म्हणणार, इतक्यात बाजूने आणखी एक हात पदरात शिरला आणि त्याने चारच बोटे दाबली. ती शेजारीण होती.

"सटवे, माझ्या गिऱ्हाइकात तोंड घालतेस?" भिवरा कडाडली.

"तोंड कुठं? हात घातला!"

दोघी भांडल्या, हसल्या, पुन्हा भांडल्या. शेवटी चार बोटांवर भिवराही राजी झाली. "पण ऐक, राजाच्या पोरी," ती म्हणाली. "मुळी घेऊन मी बाजाराच्या वेशीपर्यंत येईन. धागा तुटलेला दिसला तर आत येईन. नाही दिसला तर मुळी नदीत टाकीन. माझ्या घरात एक दगड पुरे."

मेदिनी परतली तेव्हा कुमुदिनीच्या अंगाला तिसरी फेरी भिडली होती. ओठ काळे पडले होते. मेदिनी तिथे थांबली नाही. ती राजाला हाताला धरून बाजारात घेऊन आली. मागोमाग भस्मकेतूसह सगळा दरबार आला. तिने कातर पुढे केली.

"धागा तोडला तर भाव चढेल," अमात्य म्हणाले. "गरीब मरतील."

"आत्ता जगताहेत? हौदात मुळ्या कोणाच्या आहेत, काका? पहिली मुळी जीव वाचवते. दहावी न्हाणीत जाते, कारण ती एका कवडीची आहे. महाग झाली की कोणी हौदात टाकणार नाही. आणि त्या भावासाठी कडेकरी चढतील."

राजा हळूच म्हणाला, "पण ज्याच्याकडे तेवढ्या कवड्या नाहीत, त्याचं काय, मेदिनी?"

प्रश्न खरा होता. मेदिनी म्हणाली, "त्याला त्या तुम्ही द्या, बाबा. भावाला हात लावू नका, कवड्या माणसाच्या हातावर ठेवा. राजवाड्याच्या कळसासाठी सोनं काढून ठेवलंय, ते द्या."

"मग कळस?"

"कळस होणार नाही."

"माझ्या वडिलांना मी शब्द दिला होता." राजाने कातरीकडे पाहिले. "तू भस्मकेतूच्या गुहेत गेलीस. तिथे मुळी नव्हती?"

"होती. एकच वस्तू घेता येत होती." मेदिनीने कातर त्याच्या हाताजवळ नेली. "मी ताईची मुळी सोडली."

वेशीवर भिवरा उभी होती, हातात मुळी, पाठीशी नदी. तिने तराजूकडे पाहिले. धागा तसाच होता. ती नदीकडे वळली.

राजाने कातर घेतली आणि धागा तोडला.

भस्मकेतूच्या जटांना आग लागली आणि तो धूर होऊन उडाला. दगड झालेले कडेकरी खोकत, अंग झाडत हलू लागले. भिवरेने नवऱ्याला पाहिले. पण ती त्याच्याकडे गेली नाही. आधी ती राजवाड्याकडे पळाली.

काढा उकळला. कुमुदिनीची दातखीळ बसली होती. मेदिनीने थेंब थेंब करून काढा आत सोडला. श्वास थांबल्यासारखा झाला, परत आला, पुन्हा थांबला. राजा उंबऱ्यावर बसून होता. त्याला आज्ञा करण्यासारखे काही उरले नव्हते. सूर्य कलला तेव्हा कुमुदिनीच्या कपाळावर घाम फुटला. मग मानेवर. मग सगळे अंग भिजले.

पुढच्या बाजाराला कड्यावरून इतके दोर सुटले की मुळी तीन कवड्यांवर आली, नंतर दोनवर, आणि हे कोणी सांगितलेले नव्हते. ज्यांच्या मुठी रिकाम्या होत्या, त्यांच्या मुठीत राजाने कळसाचे सोने मोडून कवड्या ठेवल्या. राजवाडा बोडकाच राहिला आणि राज्य बरे झाले. ज्यांनी ऐकले त्यांची घरे बरी राहोत; ज्यांनी ऐकले नाही त्यांनाही कोणी पुन्हा सांगो.