दाजींनी साफ केलेला कार्बोरेटर

एका गावात एक भोळा मिस्त्री होता. म्हणजे मिस्त्री व्हायचा होता. भोळा मात्र पुरता झाला होता. नाव महिपती. वय बेचाळीस. वीटभट्टी बंद पडली, म्हणून तो मेहुण्याच्या, तुळशीरामच्या, मोटारसायकलच्या गॅरेजात काम शिकायला लागला. महिपती त्याच्या बहिणीचा नवरा, त्यामुळे तुळशीरामला ओरडायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी तुळशीराम म्हणाला, "दाजी, एवढा कार्बोरेटर साफ करा."

महिपतीने तो चिंचेने घासला, धोतराच्या फडक्याने पुसला. तोंड दिसेल असा चमकवला. गाडी काही सुरू होईना.

तुळशीराम म्हणाला, "दाजी, वरून नाही, आतून साफ करायचा. आत पितळेची बारीक जेट असते. तिच्या भोकात कचरा अडकतो. भोक दिसलं की मोकळं करायचं."

"असं होय," महिपती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन पंक्चर झालेलं चाक घेऊन आला. महिपतीने ट्यूब पाण्यात बुडवली. भोक सापडलं. अगदीच बारीक होतं. त्याने दाभण घालून ते करंगळी जाईल एवढं मोकळं केलं.

तुळशीरामने ट्यूब हातात घेतली. बराच वेळ तो तिच्यातून पलीकडे बघत राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "भोक दिसलं की बुजवायचं असतं."

"काल तू उलटं म्हणालास."

"काल काल होता."

तिसऱ्या दिवशी गुरुजींची गाडी आली. महिपतीने कार्बोरेटर खोलला, आतून स्वच्छ धुतला. जेट काढली. तिला भोक होतं. त्याने पंक्चरचं सोल्युशन भरून ते पक्कं बुजवलं. गॅरेजपासून उतार आहे, म्हणून गाडी वेशीपर्यंत गेली. तिथून गुरुजी ती ढकलत परत आले. घामाने भिजले होते.

तुळशीरामने कपाळाला हात लावला. "दाजी, स्वतःचं डोकं चालवू नका. गिऱ्हाईक म्हणेल तेवढंच करा. आणि एक लक्षात ठेवा. गिऱ्हाईक परत आलं, म्हणजे काम बिघडलं. नाही आलं, म्हणजे काम जमलं."

हे महिपतीला पटलं.

चौथ्या दिवशी तुळशीराम सामान आणायला एसटीने तालुक्याला गेला. जाताना म्हणाला, "माझ्या गाडीचा कार्बोरेटर तेवढा साफ करून ठेवा."

आणि त्या दिवशी महिपतीचा हात बसला. भोक मोकळं केलं. काही बुजवलं नाही. सगळं जिथल्या तिथे लागलं. तेवढ्यात एक अनोळखी माणूस दारात आला.

"ही गाडी न्यायची आहे," तो म्हणाला.

"ही माझ्या मेहुण्याची."

"असू दे. मी गिऱ्हाईक आहे."

महिपतीने विचार केला. मग त्याने किल्ली दिली. ऊन होतं, म्हणून मेहुण्याचं हेल्मेटही दिलं. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. महिपतीचा ऊर भरून आला.

संध्याकाळी तुळशीराम आला.

"दाजी, माझी गाडी कुठाय?"

"गिऱ्हाईक घेऊन गेलं."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"ते कसं विचारणार? तो म्हणेल तेवढंच करायचं होतं."

तुळशीराम जुन्या टायरांवर मटकन बसला. महिपतीने मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "सकाळी दहाला गेलाय. अजून परत आलेला नाही. काम एकदम पक्कं जमलंय."